सरकार बोलतं भरपूर, ऐकतं किती?

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना निसटलेली नावं आणि आकडे इथे निवांत बघता येतील.)

हेडफोन लावलेत ना? मग आज जरा वेगळ्या विषयाकडे जाऊ या. सरकार आपल्याशी कसं बोलतं, यावर जगभरात संशोधन चालतं. पीएचडी होतात, जर्नल्स निघतात, भांडणंही होतात. त्या संशोधनाची दिशा गेल्या सत्तर वर्षांत कशी बदलली, ते आज बघायचंय. विषय ऐकून जांभई येत असेल तर दोन मिनिटं थांबा. हा विषय तुमच्याच फोनमध्ये आहे.

मार्च २०२० आठवा. कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज, मग करोनाची सूचना. पहिल्यांदा आपण ती लक्ष देऊन ऐकली. दहाव्यांदा फोन कानापासून लांब धरला. पन्नासाव्यांदा ती बंद करायला कुठला आकडा दाबायचा, ते शोधत बसलो. पुढे आवाज बदलले, मजकूर बदलला, आणि २०२१ मध्ये ट्यून सांगायला लागली की लस घ्या. नेमका तेव्हाच कोविनवर स्लॉट मिळत नव्हता. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं यावरून केंद्र सरकारला सुनावलं. त्याचा अर्थ साधा होता: पुरेशी लसच नाही, आणि तुम्ही लोकांना लस घ्या म्हणताय, तर त्यांनी ती घ्यायची कुठून?

आता हीच ट्यून दोन प्रकारे मोजून बघा. किती लोकांपर्यंत पोहोचली, असं विचारलं तर मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी. ऐकणाऱ्याला ते ऐकून काही करता आलं का, असं विचारलं तर उत्तर बदलतं. पोहोचणं आणि उपयोगी पडणं यांच्यात जी फट आहे, तिच्यावरच हे सगळं संशोधन उभं आहे.

पुणे, १९५६

सुरुवात आपल्या घरापासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच देश स्वतंत्र झाले आणि सगळ्या सरकारांपुढे एकच प्रश्न होता. शेती, आरोग्य, शिक्षण यातलं नवं ज्ञान गावोगावी न्यायचं कसं? अमेरिकेतल्या अभ्यासकांकडे उत्तर तयार होतं: रेडिओ, वर्तमानपत्रं, सिनेमा. डॅनियल लर्नर यांचं १९५८ चं पुस्तक आणि एव्हरेट रॉजर्स यांचं १९६२ चं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' ही त्या काळातली मोठी नावं. ढोबळ कल्पना अशी, की माहिती वरून खाली जाते, पुढारलेले लोक ती आधी घेतात, आणि मग बाकीचे त्यांच्या मागून येतात. नळ सोडायचा, पाणी आपोआप उताराला लागेल.

त्याच सुमारास, म्हणजे १९५६ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. नाव होतं रेडिओ फार्म फोरम. मूळ कल्पना कॅनडातली. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतली साधारण दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचा एक गट. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. रेडिओ बंद झाला की गट तिथेच बसून चर्चा करायचा, आपल्या गावात हे जमेल का ते ठरवायचा, आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचा.

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ हे तिचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली. एक, जिथे रेडिओ आणि चर्चागट दोन्ही होते. दोन, जिथे रेडिओ होता, पण गट नव्हता. तीन, जिथे रेडिओच नव्हता. निकाल स्पष्ट आला. गट असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान लक्षणीय वाढलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक फारच थोडा पडला.

म्हणजे बघा, यंत्र दोन्हीकडे तेच होतं. पारावर बसून 'हे आपल्याकडे चालेल का रे?' असं एकमेकांना विचारणं, हा फरक होता. १९५९ नंतर हे फोरम देशभर सुरू झाले, पण पुढे हळूहळू विरत गेले. त्यांनी शिकवलेला धडा मात्र नंतरच्या संशोधकांना पुन्हा पुन्हा नव्यानं सापडत राहिला. आजच्या एपिसोडचा धागा हाच आहे.

उपग्रहापासून जमिनीपर्यंत

पुढची मोठी पायरी टीव्हीची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतानं 'साइट' नावाचा प्रयोग केला. नासाचा उपग्रह, इस्रोची यंत्रणा, आणि सहा राज्यांतल्या साधारण २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम. तंत्र म्हणून हे थक्क करणारं होतं. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. ते वर्ष आणीबाणीचं होतं. गावात टीव्ही दिल्लीचा आवाज घेऊन येत होता, आणि दिल्लीला उलट बोलायची सोय देशात कुठेच नव्हती.

त्याच काळात गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं वेगळी वाट धरली. कार्यक्रम स्थानिक, भाषा तिथली, विषय तिथले, आणि ते बनवण्यात गावकऱ्यांचा सहभाग. तो प्रकल्प दीर्घकाळ चालला आणि पुढे त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

तिकडे अभ्यासाच्या जगातही वारं फिरलं होतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे त्याआधी चिलीमध्ये निर्वासित म्हणून राहत होते. शेतकी अधिकारी शेतकऱ्यांशी कसे बोलतात, ते त्यांनी पाहिलं आणि थेट प्रश्न केला: याला संवाद म्हणायचं की विस्तारकार्य? म्हणजे, तुम्ही शेतकऱ्याशी बोलताय की तुमच्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात ओतताय? अमेरिकेत शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. 'माहिती देणं' या शिडीवर फक्त तिसऱ्या पायरीवर आहे, आणि 'मत विचारणं' चौथ्या. आपण ज्याला जनजागृती म्हणून टाळ्या वाजवतो, ते निम्म्या शिडीच्याही खालीच राहतं.

मला सगळ्यात आवडतो तो एव्हरेट रॉजर्स यांचा प्रवास. ज्यांच्या पुस्तकानं वरून खाली जाणारी माहिती जगभर लोकप्रिय केली, त्यांनीच १९७६ मध्ये लेख लिहून सांगितलं की विकासाच्या संवादाची ती जुनी चौकट आता मागे पडली आहे. आपल्याच मांडणीवर इतक्या उघडपणे फेरविचार करणारे विद्वान कमीच.

पत्रातलं एक वाक्य

आता थेट २०१० मध्ये येऊ. ब्रिटन सरकारनं 'बिहेवियरल इनसाइट्स टीम' नावाचा गट स्थापन केला. लोक त्याला 'नज युनिट' म्हणायला लागले. नज म्हणजे कोपरानं हलकेच ढोसणं. सक्ती नाही, दंड नाही, फक्त सांगायची पद्धत थोडी बदलायची.

त्यांचा गाजलेला प्रयोग कराच्या पत्रांचा. कर थकवलेल्या लोकांना स्मरणपत्रं जायचीच. काही पत्रांत एक ओळ वाढवली, की दहापैकी नऊ लोक वेळेवर कर भरतात आणि तुम्ही न भरलेल्या थोड्यांपैकी आहात. एक लाखाहून जास्त लोकांवर हे तपासलं आणि ती ओळ असलेल्या पत्रांनंतर पैसे लवकर जमा झाले. कागद तोच, टपालखर्च तोच. साहजिकच जगभरच्या सरकारांना हे आवडलं. २०१७ मध्ये रिचर्ड थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि या विषयाला आणखी भाव आला.

पण इथे ब्रेक लावू या, कारण पुढचा आकडा तुम्हाला आयुष्यभर उपयोगी पडेल. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या दोन नज युनिट्सचे सगळे प्रयोग मागवले. गाजलेले, न गाजलेले, सगळे. १२६ प्रयोग, दोन कोटी तीस लाख लोक. मग जर्नल्समध्ये छापून आलेल्या प्रयोगांशी त्यांची तुलना केली. छापलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के बिंदूंचा, म्हणजे शंभरातली आठ-नऊ माणसं वळली. सगळे प्रयोग धरले तर १.४ टक्के बिंदू, म्हणजे शंभरात एक-दीड. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढा फरक का? मुख्य कारण असं, की छोट्या नमुन्यावर मोठा परिणाम दिसला की पेपर छापून येतो. परिणाम दिसला नाही की फाइल कपाटात जाते. तेव्हा यापुढे कुणी 'संशोधन सांगतं की' अशी रील पाठवली, तर मनात विचारा: आणि कपाटातलं संशोधन काय सांगतं?

तरीही शंभरात एक-दीड म्हणजे शून्य नाही. कोट्यवधींच्या देशात ती लाखो माणसं होतात. चमत्कार नाही, इतकंच.

फॉर्म भरण्याची किंमत

याच दरम्यान आणखी एक दिशा उघडली. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांचं २०१८ चं पुस्तक 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बर्डन'. त्यांचं म्हणणं, सरकारशी व्यवहार करताना नागरिक तीन प्रकारची किंमत मोजतो. पहिली शिकण्याची: योजना आहे, आपण तिच्यात बसतो, अर्ज कुठे करायचा, हे कळायलाच लागणारा वेळ. दुसरी पूर्ततेची: दाखले, झेरॉक्स, रांगा, ओटीपी. तिसरी मनाची: चकरा मारताना वाटणारी लाज, धास्ती, आपण भीक मागतोय अशी भावना.

तुम्ही कॉलेजात असाल तर हे उदाहरणानं सांगायची गरजच नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर 'त्रुटी आढळली' असं येतं. कुठली त्रुटी? ते येत नाही. मग मित्राला विचारा, सायबर कॅफेवाल्याला विचारा, टेलिग्रामच्या ग्रुपवर विचारा. तारीख निघून जाते. कागदोपत्री मात्र नोंद होते की अर्जदारानं पूर्तता केली नाही.

हर्ड आणि मॉयनिहन यांचा मुद्दा बोचरा आहे. ही किंमत दरवेळी चुकून पडत नाही. कधी कधी ती ठरवूनही ठेवलेली असते. एखादी योजना बंद करणं राजकीयदृष्ट्या महाग पडतं, पण तिचा फॉर्म अवघड करणं स्वस्त पडतं. आणि ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्याकडे वेळ, चांगला फोन आणि ओळखीचा माणूस आहे, तो निभावून नेतो. रोजंदारी बुडवून आलेली बाई परत जाते. म्हणून आता 'सरकारी संवाद' म्हणताना अभ्यासक जाहिरातीपुरते थांबत नाहीत. फॉर्म, नोटीस, एसएमएस, एररचा मेसेज, हे सगळं सरकारचं बोलणंच आहे.

फोनमधलं सरकार

आता स्मार्टफोन. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू.

पहिला पश्चिम बंगालचा. मे २०२० मध्ये तिथल्या अडीच कोटी लोकांना एसएमएस गेला. त्यात एका व्हिडिओची लिंक. अडीच मिनिटांत करोनाबद्दल बोलत होते नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी, बंगालीतून. तुलनेसाठी काही लोकांना सरकारी माहितीची नेहमीची लिंक पाठवली. व्हिडिओवाल्या भागांत लक्षणं असल्याचं आरोग्यसेविकांना कळवण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं. गंमत म्हणजे ज्यांना मेसेज गेलाच नव्हता, त्या शेजाऱ्यांच्या वागण्यातही बदल दिसला. लोक एकमेकांशी बोलले असणार. १९५६ चा पार आठवतोय ना?

दुसरा चीनचा. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी जिआंग्शी प्रांतातल्या एका जिल्ह्याच्या प्रचार कार्यालयाचे फुटलेले ईमेल तपासले. सरकारच्या बाजूनं सामान्य माणसाच्या वेशात पोस्ट कशा लिहिल्या जातात, ते त्यात होतं. त्यांचा अंदाज, वर्षाला साधारण ४४ कोटी ८० लाख अशा पोस्ट. आपल्याला वाटेल, हे लोक टीकाकारांशी भांडत असतील. नाही. बहुतेक पोस्ट कौतुकाच्या, सणावाराच्या, देशाभिमानाच्या. वाद घालायचाच नाही, विषयच बदलायचा. हा अभ्यास २०१७ मध्ये आला आणि 'सरकारी प्रचार म्हणजे खोटं बोलणं' या समजुतीला त्यानं धक्का दिला. खोटं न बोलताही लोकांचं लक्ष भलतीकडे नेता येतं.

एकच फोन आणि एकच स्क्रीन. एका ठिकाणी तिच्यामुळे आरोग्यसेविकेपर्यंत माहिती गेली. दुसरीकडे तिच्यामुळे प्रश्न विचारायचाच राहून गेला.

ऐकणं मोजता येतं का?

आता सगळ्यात ताज्या दिशेकडे. सिडनीतल्या तंत्रज्ञान विद्यापीठातले जिम मॅकनमारा यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिकेतल्या सरकारी आणि खासगी संस्थांचा अभ्यास केला. प्रश्न साधा होता: संवादाच्या नावाखाली जो पैसा आणि मनुष्यबळ लागतं, त्यातलं बोलण्यावर किती आणि ऐकण्यावर किती? बहुतांश बोलण्यावरच, असं त्यांना दिसलं. सोशल मीडियासुद्धा, जो दोन्ही बाजूंनी चालतो, संस्थांनी भोंग्यासारखा वापरला.

मग ऐकलं तर काय होतं? तेलंगणाचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यांना अनुदानाचे धनादेश वाटायचे होते. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारबरोबर एक प्रयोग केला. काही निवडक मंडलांतल्या कृषी अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं, की तुमच्या शेतकऱ्यांना आम्ही फोन करून विचारणार आहोत: चेक मिळाला का, कधी मिळाला? एवढंच. त्या मंडलांत वाटप सुधारलं. सुधारणा छोटी होती, पण तिचा खर्च जेमतेम होता. शेतकऱ्याला कुणी उपदेश केला नाही. फक्त त्याला विचारलं, आणि तो काय म्हणतो ते वरपर्यंत जाईल याची खात्री अधिकाऱ्याला करून दिली.

म्हणून माझं म्हणणं असं: ही सत्तर वर्षं बघितली, तर संशोधन 'सरकारनं कसं बोलावं' इथून निघून 'सरकारनं कसं ऐकावं' इथे आलंय. सरकारी खर्चाचं आणि अहवालांचं गाडं मात्र अजून पहिल्या स्टेशनावरच आहे. इतके होर्डिंग, इतके व्ह्यूज, इतके फॉलोअर्स. किती तक्रारींमुळे निर्णय बदलला, हा रकाना शोधून बघा.

कायदा काय म्हणतो

हे फक्त विद्वानांचं स्वप्न आहे असं समजू नका. आपल्याकडे ते लिहून ठेवलंय. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. आपल्याला हा कायदा अर्ज करण्यापुरता ठाऊक असतो. कलम ४ म्हणतं की सरकारी कार्यालयांनी माहिती स्वतःहून इतकी द्यावी, की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. आणि ती देताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणाऱ्या पद्धतीचा विचार व्हावा.

केंद्र सरकारचं २०१४ चं एक धोरण आहे, कायदा करण्याआधी जनतेचं मत घेण्याचं. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा, सोप्या भाषेत समजावून सांगा, आणि आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाइटवर टाका. शेवटचा भाग पुन्हा वाचा. सूचना मागवणं पुरेसं नाही, त्यांचा सारांशही लोकांसमोर ठेवायचा आहे.

आणि भाषा किती महत्त्वाची, ते २०२० मध्ये दिसलं. पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीची नवी अधिसूचना मसुद्याच्या रूपात आली, हिंदी आणि इंग्रजीत. कोकणातल्या मच्छीमारानं किंवा गडचिरोलीतल्या शेतकऱ्यानं हरकत घ्यायची तर वाचायची कशी? ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं आदेश दिला, की मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत आणा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. समजलंच नाही, तर मत कशावर देणार?

तुमच्यासाठी गृहपाठ

जाता जाता एक सवय लावून घ्या. सरकारचा कुठलाही मेसेज आला, कुठल्याही पक्षाचं सरकार असो, तीन प्रश्न विचारा. हे वाचून मला नक्की काय करता येईल? हे कुणाला वाचता येणार नाही? आणि मला उलट काही सांगायचं असेल, तर ते कुठे सांगू आणि उत्तर कोण देईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नो-रिप्लाय' असेल, तर समजा की संवाद अजून सुरू व्हायचाय.

आणि तुमच्यापैकी जे पत्रकारिता, राज्यशास्त्र, समाजकार्य शिकतायत त्यांना सांगतो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत लांब जाऊ नका. तुमच्या ग्रामपंचायतीचा किंवा वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. महिनाभराचे मेसेज मोजा. वरून खाली किती आले, खालून वर किती गेले, आणि किती प्रश्नांना उत्तर मिळालं. तीन रकाने, एक वही. पॉल न्यूराथ यांनी पुण्याच्या आसपासच्या गावांत शोधलेलं उत्तर तुमच्या गावात आजही लागू पडतं का, ते तुम्हीच आम्हाला सांगा.

आकडे पाठवा. वाचू, आणि उत्तरही देऊ. नाहीतर आम्हीही भोंगाच की! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.